उतारावर हँडल नाचतं? फ्रेमला नावं ठेवण्याआधी एवढं बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या सायकलचं दुखणं हेच की दुसरं, ते कळेल.

सपाटीवर सायकल शहाण्यासारखी चालते. तीस-पस्तीसच्या वेगापर्यंत कसली तक्रार नाही. घाटातल्या सरळ तुकड्यावर वेग ४५-५० च्या पुढे गेला की हँडलमध्ये बारीक कंप येतो, खिशातला मोबाइल व्हायब्रेट व्हावा तसा. इथे जवळजवळ प्रत्येक जण मूठ आवळतो. मग पुढचं चाक डावी-उजवीकडे झटके द्यायला लागतं, सेकंदाला पाच-सहा. वरची दांडी मांड्यांवर आपटते, बाटली स्टँडमध्ये खडखडते आणि आपण सायकलवर बसलोय की सायकल आपल्यावर, हेच कळेनासं होतं. वेग उतरला की सगळं गायब. खाली येऊन सायकल उभी करून बघावं तर काहीही सापडत नाही. याला सायकलवाले वॉबल म्हणतात, काही जण शिमी. आमच्या ग्रुपमध्ये 'सायकलच्या अंगात येणं' असं म्हणतात.

याच्याशी गल्लत होणारी तीन दुखणी वेगळी काढा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा सांधा) ढिला आहे किंवा रिम-डिस्कमध्ये दोष आहे. वेगाचा संबंध कमी. हळू चालवतानाही चाकाच्या दर फेऱ्याला एक टप्पा जाणवत असेल, तर टायर रिममध्ये नीट बसलेलं नाही किंवा त्याला फुगवटा आलाय. फुगवटा असेल तर त्या टायरवर घरापर्यंतसुद्धा येऊ नका, रिक्षा करा. आणि सायकल सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर चाक तिरकं बसलंय किंवा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, वाकलाय. ही तिन्ही दुखणी पुढच्या तपासण्यांत सापडतीलच, पण तुम्ही शोधताय काय ते माहीत असलेलं बरं.

ऐन उतारावर सुरू झालं तर

दोन्ही गुडघे वरच्या दांडीला घट्ट लावा. दोन्ही जमत नसतील तर एक. पायडल आडवी, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, आणि वजन सीटवरून काढून पायांवर घ्या. बूड सीटपासून बोटभर उचललं तरी पुरतं, ताडकन उभं राहायचं नाही. हातांची पकड सोडू नका, पण सैल करा, कोपरं वाकलेली. मागचा ब्रेक हळूहळू भरा, जोडीला पुढचा हलक्या हाताने. पुढचा एकदम दाबलात तर आधीच नाचणाऱ्या चाकावर सगळा भार येतो. नजर लांब रस्त्यावर ठेवा, चाकाकडे बघू नका.

गुडघे लावल्यावर बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांत नाच थांबतो. खरं वाटत नसेल तर आज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात रमतगमत चालवताना गुडघा दांडीला लावून बघा. शरीराला ती हालचाल माहीत हवी. सासवडहून पुण्याला परतताना, दिवे घाटात, ती पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ देऊ नका.

हे का होतं

थोडक्यात सांगतो, कारण तपासण्यांचा क्रम यावरच ठरलाय. सायकलचं पुढचं चाक स्वतःहून सरळ होऊ बघतं. म्हणून तर हात सोडून चालवता येते. खड्डा, वारा, रस्त्यावरची पांढरी जाड पट्टी, कशानेही चाक जरा वळलं की ते सरळ व्हायला येतं, पण येताना मध्यबिंदू ओलांडून पलीकडे जातं. फ्रेम त्या पिळाला स्प्रिंगसारखी साथ देते. झोपाळ्याला दर खेपेला योग्य क्षणी हलका धक्का मिळाला की तो जसा चढत जातो, तसंच. कमी वेगात हा हेलकावा आपोआप विरतो. वेग वाढला की विरण्यापेक्षा भर जास्त पडते.

गंमत अशी की हेलकावा विरवणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे तुम्हीच. सैल हात आणि सैल खांदे तो पिऊन टाकतात. आवळलेले हात मात्र स्प्रिंगचा भाग होतात. त्यामुळे पहिली तपासणी सायकलची नाही.

१. आधी स्वतःला तपासा (फुकट)

डिसेंबरातली एक सकाळ. सव्वासहाला सिंहगडावर पोचलो होतो, चढताना घामाने जर्सी ओली. पिठलं-भाकरीच्या टपऱ्या उघडायच्या होत्या, म्हणून दहा मिनिटं वाऱ्यात उभा राहिलो आणि निघालो. पहिल्याच सरळ तुकड्याला हँडल थरथरायला लागलं. वेग जेमतेम ३५. मी थांबलो, चाक बघितलं, हेडसेट बघितला, सगळं ठीक. मग लक्षात आलं की दात वाजतायत. खांदे कुडकुडत होते आणि ती कुडकूड हातांतून थेट हँडलमध्ये उतरत होती. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत मी आदल्या दिवशीचा पेपर घडी करून घेऊन जातो आणि उतरण्यापूर्वी जर्सीच्या आत छातीवर सारतो. वाऱ्याला याहून स्वस्त अडसर नाही. बायको म्हणते, निदान पेपरचा काही उपयोग होतो.

तर: थंडी वाजतेय का? कोपरं ताठ आहेत का? अंगठे दुखेपर्यंत पकड आहे का? सगळं वजन हातांवर टाकून मागे सीटच्या टोकाला सरकलायत का? यातल्या एकालाही 'हो' असेल, तर बाकीच्या तपासण्यांआधी ते सुधारून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, गुडघा दांडीला लावून उतरून बघा. माझ्याकडे आलेल्या सायकलींपैकी बऱ्याचशा इथेच बऱ्या झाल्या. मालकांना ते आवडलं नाही, हा भाग वेगळा.

जाता जाता: टीव्हीवर बघून वरच्या दांडीवर बसून, छाती हँडलला टेकवून उतरणारे अजून दिसतात. व्यावसायिक शर्यतींत २०२१ च्या एप्रिलपासून या आसनाला बंदी आहे. त्या बसण्यात गुडघे, कोपरं, वजन यांपैकी एकही गोष्ट तुमच्या ताब्यात राहत नाही. बोपदेव घाटात ते करून कोणाला दाखवायचंय?

२. सामान (फुकट)

सीटखालची पिशवी हाताने हलवा. ती शेपटीसारखी डुलत असेल तर पट्टे आवळा किंवा सरळ काढून टाका. हँडलवरच्या पिशवीत पॉवरबँक, कुलूप, केळी असं दीड-दोन किलो भरलं असेल, तर ते वजन थेट चाकाबरोबर वळतं. मागच्या कॅरिअरवर पॅनिअर (बाजूला लटकणाऱ्या पिशव्या) लावणाऱ्यांनी कॅरिअरचे चारही बोल्ट बघावेत. एक ढिला बोल्ट अख्खी फ्रेम पिळतो. वाऱ्यात फडफडणारं उघडं जॅकेटही धक्के देतं. त्याची चेन बंद करा.

३. हवा (जवळजवळ फुकट)

दोन्ही टोकं वाईट. हवा कमी असेल तर टायर बाजूला दबतं आणि चाक परत येताना उसळतं. हवा ठासून भरली असेल तर आपल्या रस्त्यावरचा प्रत्येक बारीक टेंगूळ हँडलपर्यंत पोचतो. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. हे मी वर्षाला वीसेक वेळा सांगतो. माझं वजन ७२ किलो, टायर २८ मिमी. पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआय ठेवतो. तुम्ही वजनाप्रमाणे पाच-पाचने वरखाली करून बघा. हुकलेस रिम (टायर धरणारी आकड्यासारखी कड नसलेली) असेल तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर अजिबात जायचं नाही, टायर रिमवरून निसटू शकतं.

गेज असलेला उभा पंप घ्या. अंगठ्याने दाबून ८० आणि ५० मधला फरक कळतो असं म्हणणाऱ्यांची मी पैज लावून परीक्षा घेतली आहे. चहा नेहमी त्यांनीच पाजला.

४. चाक बसलंय का, टायर बसलंय का (फुकट, पाच मिनिटं)

गाडीच्या डिकीत चाक काढून सायकल नेली असेल, तर सगळ्यात आधी हे बघा. क्विक रिलीज, म्हणजे चाक धरणारी लिव्हर, उघडा, सायकल जमिनीवर उभी करून तिचं वजन चाकावर येऊ द्या, मग लिव्हर बंद करा. तळव्यावर लिव्हरचा वळ उठावा एवढा जोर लागला पाहिजे. हवेत उचलून बसवलेलं चाक अर्धा मिलिमीटर तिरकं राहतं, आणि सपाटीवर ते कळतही नाही. थ्रू-अॅक्सल (लिव्हरऐवजी आरपार जाणारा आट्यांचा दांडा) असेल तर तो लिहिलेल्या टॉर्कपर्यंत आवळलाय ना, एवढंच.

मग चाक फिरवत टायरच्या कडेची बारीक रेघ बघा. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एखाद्या ठिकाणी रेघ आत बुडली असेल तर टायर तिथे बसलेलं नाही. हवा काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा.

५. हेडसेट (एक अॅलन की, आणि थोडी अक्कल)

इथे थांबून सांगतो, कारण इथे मी स्वतः सहा महिने घालवलेत.

पुढचा ब्रेक पूर्ण दाबा आणि सायकल मागेपुढे ढकला. दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवा, म्हणजे फ्रेम संपून चिमटा सुरू होतो तिथे. 'टक' असं बोटाला लागलं तर ढिलाई आहे. फक्त आवाज आला आणि बोटाला काही लागलं नाही, तर तो ब्रेकच्या पॅडचा खेळ असू शकतो. खात्री करायला हँडल काटकोनात वळवून पुन्हा ढकला. तरीही टक लागलं तर हेडसेटच.

माझ्या सायकलला तो टक होता. मी वरच्या टोपीचा बोल्ट आवळला. टक गेला नाही. अजून आवळला. काहीच फरक नाही. मग टायर बदलली, मग ट्यूब, मग ओळखीच्याचं चाक आणून लावलं. घाटात हँडल नाचायचं ते नाचतच राहिलं. शेवटी पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने, हातातला विडीचा तुकडा न टाकता, स्टेमचे, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे दोन बोल्ट सैल केले, वरचा बोल्ट पाव फेरा फिरवला, बाजूचे परत आवळले आणि सायकल माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. "हे शिकून घ्या," एवढंच म्हणाले.

गोष्ट अशी आहे: हँडल धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. वरचा बोल्ट फक्त बेअरिंगवर किती दाब असावा ते ठरवतो. बाजूचे आवळलेले असताना वरचा कितीही पिळलात तरी दाब खाली पोचतच नाही. उलट आत बसवलेला नट सरकतो किंवा आटे जातात. म्हणून क्रम असा: बाजूचे सैल, वरचा थोडा-थोडा, दर वेळी टक तपासायचा, हँडल पुढच्या चाकाच्या रेषेत, मग बाजूचे. स्टेमवर लिहिलेला टॉर्क पाळा, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटर असतो. चिमट्याची आतली नळी कार्बनची असेल तर टॉर्क रेंच नसताना हे काम करू नका. आवाज न करता चिरते ती.

आणि उलटी चूकही करू नका. जास्त आवळलं तर हँडल मध्यभागी अडकतं. पुढचं चाक उचलून धरा, सायकल जरा तिरकी करा. हँडल आपल्याआप एका बाजूला पडायला हवं. अडखळत पडलं, किंवा अगदी सरळ असताना खाचेत बसल्यासारखं वाटलं, तर बेअरिंग खराब झालंय. पावसाळ्यात सायकल पाइपने धुणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं.

६. चाकाचा आऊट, हब, तारा (केबल टाय, नंतर दुकान)

चिमट्याला एक केबल टाय बांधा, तिचं टोक रिमला जेमतेम शिवेल असं कापा आणि चाक फिरवा. टोक एकाच ठिकाणी घासत असेल तर चाकाला आऊट आहे, म्हणजे रिम तिथे बाजूला गेलीय. एक-दोन मिलिमीटरवर दुकानात जा. मग रिम चिमटीत धरून आडवी हलवा. खट् असं वाटलं तर हबचं बेअरिंग ढिलं. शेवटी तारा जोडीजोडीने दाबा. एखादी बाकीच्यांपेक्षा मऊ लागली तर चाक तिथे लवचीक आहे आणि हेलकाव्याला वाट देतंय.

आता तोल. सायकल स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने पायडल मारत जोरात फिरवा. पूर्ण सायकल उड्या मारायला लागली तर एका बाजूला वजन जास्त आहे. पुढचं चाक तेवढ्या जोरात फिरत नाही, म्हणून ते मोकळं सोडा आणि बघा: थांबताना दर वेळी तोच भाग खाली येतो का? तारांमध्ये अडकवलेला रिफ्लेक्टर हा नेहमीचा गुन्हेगार. लांब व्हॉल्व्ह हा दुसरा. हे किरकोळ वाटतं, पण हिशोब बघा. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ५० च्या वेगाने तुम्ही सेकंदाला जवळपास १४ मीटर जाता, म्हणजे चाक सेकंदाला साडेसहा फेरे घेतं. असमतोल चाक सेकंदाला साडेसहा धक्के देतं, आणि वॉबलचे हेलकावेही साधारण तेवढेच. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देणारं हे पोर तुम्हीच चाकात बसवलंय.

आऊट स्वतः काढू नका, निदान पुढच्या चाकाचा तरी नको. तार कुठल्या दिशेला किती फिरवायची हे हाताला कळायला वर्षं जातात. दुकानात शे-दोनशे रुपयांत होतं, तिथे देऊन मोकळे व्हा.

७. चिमटा आणि फ्रेम: इथे तुमचं काम संपलं

चांगल्या उजेडात, ओल्या फडक्याने पुसून, चिमट्याचे दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत बघा. मग पुढचा नळकांडा आणि खालची दांडी मिळते ती जागा. रंगात केसासारखी रेघ, रंग उठलेला, अॅल्युमिनियमला जोडाशेजारी भेग, कार्बनवर बोटाने दाबलं की मऊ जागा: काहीही दिसलं तरी सायकल चालवायची नाही. 'फक्त रंगाला तडा आहे' हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही. ज्याने कार्बन उघडून दुरुस्त केलाय त्याच्याकडे जा.

तसंच पडल्यानंतर पहिल्यांदा वॉबल सुरू झाला असेल, तर वरच्या सहा पायऱ्या सोडून थेट इथे या. चिमटा वाकलेला असताना हवा तपासत बसण्यात अर्थ नाही. ब्रेक दाबताना काही सरकल्यासारखं वाटणं, हँडल वळवताना करकर, तुटलेली तार, हेडसेट नीट लावूनही परत ढिला होणं: यातलं एक जरी असेल तर थांबा. आणि पायऱ्या एक ते सहा करूनही ४० च्या आतच हँडल नाचत असेल, तरीही थांबा.

मेकॅनिककडे जाताना 'हँडल हलतं' एवढंच सांगू नका. किती वेगाला, ब्रेक दाबल्यावर की मोकळं असताना, मोकळ्या हाताने की गुडघा लावूनही, सायकल पडली होती का, शेवटचं काय बदललं. तो सायकल घाटात घेऊन जाणार नाही; त्याला तुमच्या सांगण्यावरूनच शोधायचंय.

चाचणी कुठे घ्यायची

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात तर गुण कशाचा ते कळणार नाही.

चाचणीला सिंहगड नको. रस्ता अरुंद, आंधळी वळणं, शनिवार-रविवारी वर चढणाऱ्या गाड्यांची रांग आणि पावसाळ्यानंतर वळणावळणावर पसरलेली खडी. तिथे उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवावे लागतात, आणि रिम ब्रेक असतील तर तेही धोक्याचं: सुमारे ६०० मीटरच्या उतरणीत ८० किलोंचा सायकलस्वार ब्रेकमध्ये जेवढी उष्णता सोडतो, तिच्यात लिटर-सव्वा लिटर पाणी उकळेल. ती रिममधून ट्यूबपर्यंत जाते. दाबा, सोडा, दाबा, सोडा, असंच उतरायचं आणि मध्ये थांबून घ्यायचं.

कात्रजचा जुना घाट किंवा बोपदेव, तेही घाट संपत आल्यावरचा सरळ, हलका उतार बरा. पहाटे, वाहतूक नसताना, रस्ता कोरडा असताना. ३० ने एकदा, ३५ ने एकदा, ४० ने एकदा. ५० च्या वर वेग चाचणीसाठी लागत नाही. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, सेकंदभरात प्रतिक्रिया दिली तर ३० वरून थांबायला साधारण १५ मीटर लागतात. ६० वरून ४५. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. मध्ये कुत्रं आलं की हा हिशोब आठवतो.

उतरण्याची मजा मला कळत नाही असं समजू नका. कानात वारा घोंघावतो, डोळ्यांतून पाणी गालावर आडवं पळतं, तासभर कष्टाने चढलेला घाट पाच मिनिटांत खाली सांडतो. त्यासाठीच तर चढतो आपण.

आणि काहीच सापडलं नाही तर

असंही होतं. उंच माणूस, मोठी फ्रेम, लवचीक नळ्या: सगळं जिथल्या तिथे असूनही काही जोड्या एका ठरावीक वेगाला नाचतात. २५ ऐवजी २८ चं टायर, पुढे एक सेंटिमीटर सरकवलेली सीट किंवा दुसरं पुढचं चाक लावून ती वेगाची रेषा थोडी वर ढकलता येते. पुसता येत नाही.

आमच्यातला एक मुलगा सहा फूट दोन इंच आहे. त्याच्या सायकलवर वरचं सगळं झालं, दुकानात दोन वेळा जाऊन आली, चिमटाही तपासून घेतला. ५५ ला अजून अंगात येतं. "मग काय करू काका?" तो विचारायचा. आता तो दिवे घाट ४५ ने उतरतो, एक गुडघा दांडीला लावून. घाटाखाली वडकीला आमच्यानंतर मिनिटभराने पोचतो. चहा तोवर गाळूनही झालेला नसतो.